यादीतली नव्वद माणसं

एकतीस वर्षं सरकारी कार्यालयाच्या स्थापना शाखेत काढल्यावर, म्हणजे लोकांच्या नेमणुका, बदल्या, रजा आणि पेन्शनचे कागद सांभाळण्यात काढल्यावर, अलकाताई चिटणीस एप्रिलअखेर निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांत कंटाळल्या. त्यांचे यजमान श्रीकांतराव रेल्वेतून चार वर्षं आधीच निवृत्त झाले होते. त्यांनी आपला दिवस असा बेतून घेतला होता की त्यात बायकोला फारशी जागा उरली नव्हती. सकाळी फिरणं, मग पेपर, मग टावर चौकात मित्रांबरोबर पोहे, मग झोप. अलकाताई कपाटं आवरून बसल्या, पुन्हा आवरल्या.

जूनमध्ये त्यांची मैत्रीण उषा आपल्या मुलीला घेऊन उज्जैनच्या नानाखेड्यातल्या त्यांच्या घरी आली. मुलगी मृण्मयी, वय अठ्ठावीस, विद्यापीठात लोकप्रशासनात पीएच.डी. करत होती.

"मावशी, मला मदतीला कोणीतरी पाहिजे," मृण्मयी म्हणाली. "मी मध्य मालवा जलसेवा मंडळाच्या कर्मचाऱ्यांचा सर्व्हे करतेय. त्यांना कामाबद्दल काय वाटतं, साहेब त्यांचं ऐकतात की नाही, काम कुठे अडतं, असे चाळीस प्रश्न आहेत. सरकारी ऑफिसात कोणाला कसं विचारायचं ते मला नाही माहीत. तुम्हाला माहीत आहे."

"विचारायचं काय त्यात?"

"तेच तर शिकावं लागतं."

आणि खरोखरच शिकावं लागलं. प्रश्न जसा लिहिला आहे तसाच वाचायचा. समजावून सांगायचं नाही. मान डोलवायची नाही, भुवई उडवायची नाही. उत्तर आवडलं तरी 'बरोबर' म्हणायचं नाही. पाच पर्याय आहेत, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत, ते पाचही दर वेळी वाचून दाखवायचे. अलकाताईंनी सराव श्रीकांतरावांवर केला.

"आपल्या संस्थेत निर्णय घेताना आपलं मत विचारात घेतलं जातं. पूर्ण असहमत, असहमत, सांगता येत नाही, सहमत, पूर्ण सहमत."

"संस्था म्हणजे हे घर का?"

"मला समजावून सांगायची परवानगी नाही."

श्रीकांतराव बराच वेळ हसले. "लिही, सांगता येत नाही," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी आज काय झालं ते विचारू लागले.

मंडळाच्या यादीत चारशे बारा कर्मचारी होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मृण्मयीने कॉम्प्युटरवर त्यातली नव्वद नावं काढली. कार्यपालन यंत्री विक्रांत सोलंकी, म्हणजे तिथले मुख्य साहेब, यांनी परवानगीचं पत्र दिलं होतं. त्यांनी दोघींना बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, बापू टिल्लूंकडे पाठवलं. बापू गोरे, गोल चेहऱ्याचे, साठीला टेकलेले. त्यांनी दोघींना चहा पाजला, फॉर्मचा गठ्ठा आणि यादी जवळ ओढून घेतली आणि म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका. एवढ्या लोकांना कुठे शोधत फिरणार तुम्ही? ठेवून जा. सोमवारी तयार."

सोमवारी खरंच तयार होतं. नव्वदचे नव्वद फॉर्म, सुतळीने बांधलेले. ते घेऊन मृण्मयी आनंदाने स्कूटीवरून अलकाताईंच्या घरी आली. "मावशी, शंभर टक्के! माझ्या सरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास नाही बसणार."

अलकाताईंनी गठ्ठा सोडला. पाच-सहा फॉर्म पाहिले, मग मधलेच दहा-बारा काढले. मग चष्मा काढून ठेवला.

"बेटा, हे सगळे एकाच माणसाने भरलेत."

"कशावरून?"

"खुणेची शेपूट बघ. प्रत्येक ठिकाणी वर जाऊन उजवीकडे वळते. आणि हे बघ, तेरावा प्रश्न. कामाला लागणारं सामान वेळेवर मिळतं, पूर्ण सहमत. आणि अठ्ठाविसावा. सामान नसल्यामुळे काम अडून राहतं. तिथेही पूर्ण सहमत. नव्वदही जणांचं असं."

मृण्मयीने एक एक फॉर्म बघितला. तिचा चेहरा उतरत गेला. ते उलटसुलट प्रश्न तिनेच मुद्दाम घातले होते, कोणी न वाचता खुणा केल्या तर कळावं म्हणून. ती खिडकीबाहेर बघत बसली.

अलकाताईंना गप्प राहवेना. "मीही हे केलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नऊ-दहा वर्षांपूर्वी वरून असाच सर्व्हे आला होता. साहेब बोलले, अलकाजी, निपटा दीजिए. मी एका दुपारी चाळीस फॉर्म भरले. सगळे खूश, सगळे समाधानी. तेव्हा वाटलं, कोणाचं काय बिघडतंय? उलट कोणाच्या तोंडून भलतंसलतं निघून त्याला त्रास नको. पण आमच्या इथे बायकांना बसायला धड खोली नव्हती. मी स्वतः तिथे बसत होते. आणि स्वतःच्या फॉर्मवरसुद्धा मी लिहिलं, सुविधा पुरेशा आहेत, पूर्ण सहमत."

मृण्मयीने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, कुतूहलाने. "मग आता काय करायचं?"

"आता आपण स्वतः विचारायचं. एकेकाला."

दुसऱ्या दिवशी अलकाताई एकट्याच बापूंकडे गेल्या. गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. बापूंचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी काही म्हणायच्या आत अलकाताईंनी आपल्या चाळीस फॉर्मची गोष्ट सांगून टाकली.

बापू आधी चपापले, मग हसू लागले. "चाळीस? मला नव्वदला दोन दिवस लागले. बोटं दुखली." मग गंभीर होऊन म्हणाले, "खरं सांगू? ही पोरं नोकरीला आहेत. कोणी काही उलटं लिहिलं आणि ते साहेबांच्या हाती पडलं, तर भोगणार तो. म्हणून मीच भरले."

"पडणारच नाही असं केलं तर? फॉर्मवर नाव नाही, नुसता नंबर. कोणता नंबर कोणाचा, ती यादी मृण्मयीच्या घरी. इथे कोणी बघणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

बापूंनी विचार केला. "मग पहिल्यांदा यादी दुरुस्त करा," ते म्हणाले. "तुमच्या या नव्वदातच सात जण रिटायर झालेले आहेत आणि दोघं देवाघरी गेलेत. आम्ही वर पाठवायची यादी दर वर्षी तीच पाठवतो."

चार दिवस अलकाताई आणि बापू हजेरीचं रजिस्टर आणि पगारपत्रक समोरासमोर ठेवून बसले. अलकाताईंना या कामात फार मजा आली. आयुष्यभर हेच तर केलं होतं त्यांनी, फक्त आता मागे कोणी उभं नव्हतं. चारशे बाराचे तीनशे शहाऐंशी झाले. मृण्मयीने पुन्हा नव्वद नावं काढली आणि काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

जुन्या फायलींच्या खोलीत त्यांना एक टेबल मिळालं. माणूस यायचा, दार बंद व्हायचं, वीस मिनिटांनी तो बाहेर पडायचा. पहिले दोन दिवस सगळे दाराकडे बघत 'सहमत, सहमत' म्हणून उठले. तिसऱ्या दिवशी मंगला नावाची टायपिस्ट आली. तिने पहिल्याच प्रश्नाला 'पूर्ण असहमत' म्हटलं आणि थांबून अलकाताईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. अलकाताईंनी खूण केली आणि त्याच आवाजात पुढचा प्रश्न वाचला. मंगलाने खुर्ची जवळ ओढली. ती चाळीस प्रश्नांना चाळीस मिनिटं बसली. बाहेर जाऊन तिने काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर लोक वेळ घेऊन बोलू लागले.

ऑगस्ट आला तेव्हा एक्क्याऐंशी फॉर्म झाले होते. उरलेली नऊ नावं पंपघरांवरच्या लोकांची होती. उज्जैनच्या चहूबाजूंना, कोणी दहा किलोमीटरवर तर कोणी पंचवीस.

"यांना सोडून द्या," बापू म्हणाले. "यांच्या जागी इथलेच दुसरे नऊ घ्या. इथे कमी आहेत का?"

अलकाताईंना ते पटलं होतं. उन्हापावसात कुठे हिंडायचं? पण मृण्मयीने नकारार्थी मान हलवली. "मावशी, जे सहज सापडतात त्यांनाच विचारलं, तर उत्तरं पण सहज सापडणाऱ्यांचीच मिळतात. चिठ्ठी ज्याची निघाली, त्यालाच विचारायचं."

पहिलं नाव होतं यज्ञेश्वर शितोळे, पंपचालक. पंपघर इंदूर रस्त्याने जाऊन आत सहा किलोमीटर, शिप्रेच्या काठी. दोघी स्कूटीवरून गेल्या. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता जागोजागी खणला होता. पंपघराला कुलूप. शेजारच्या शेतातल्या बाईने सांगितलं, ते पाइपलाइन बघत गेलेत, संध्याकाळी येतील.

दुसऱ्या वेळी गेल्या तो श्रावणातला सोमवार निघाला. महाकालाच्या सवारीसाठी, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीसाठी, शितोळेंची ड्यूटी राम घाटावर पाण्याच्या टँकरपाशी लागली होती. पंपघरावर दुसराच माणूस होता. त्याचं नाव यादीत नव्हतं.

"मावशी, राम घाटावर जाऊन त्यांना तिथेच विचारूया का?" मृण्मयी घाम पुसत म्हणाली. तीही आता थकली होती.

"टँकरपाशी? सुपरवायझर बाजूला उभा, मागे पाण्याची लाइन. तिथे तो माणूस काय सांगेल? काही गोष्ट नाही, पुन्हा येऊ."

तिसऱ्या वेळी शितोळे भेटले. पन्नाशीचे, सडपातळ, खाकी शर्ट. पंपघरासमोर त्यांनी तुळस आणि गवती चहा लावला होता. आत पंपाचा आवाज एवढा होता की तिघं बाहेर कडुलिंबाखाली बसले.

"माझं नाव कोणी दिलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"कोणी नाही. तीनशे शहाऐंशी लोकांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तुमची निघाली."

शितोळेंना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा सांगायला लावलं. "एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझा नंबर लागला," ते म्हणाले आणि पंप बघून येतो म्हणून आत जाऊन तोंड धुऊन, केस विंचरून आले.

अलकाताईंनी प्रश्न वाचायला सुरुवात केली. शितोळे प्रत्येक उत्तराआधी विचार करत. 'माझे वरिष्ठ माझ्या सूचना ऐकून घेतात' यावर ते अडले.

"वरिष्ठ म्हणजे कोण?"

"तुम्हाला जो अर्थ वाटतो तो," अलकाताई शिकवल्याप्रमाणे म्हणाल्या.

"मला तर कोणी दिसलंच नाही इतक्या वर्षांत. फोन येतो. चालू करा, बंद करा." त्यांनी शेवटी 'सांगता येत नाही' लिहायला लावलं. मात्र 'मला माझं काम आवडतं' याला त्यांनी क्षणभरही न थांबता 'पूर्ण सहमत' म्हटलं.

शेवटचा प्रश्न मोकळा होता. तुमच्या कामात कोणती एक गोष्ट बदलावी असं वाटतं?

शितोळे म्हणाले, "नानाखेड्याची टाकी पहाटे साडेपाचला भरते. मला इथे मीटरवर दिसतं. पण पंप बंद करायचा तर कंट्रोल रूमचा फोन पाहिजे. ते सुपरवायझरला विचारतात. सुपरवायझर तेव्हा अंघोळीला. फोन येईपर्यंत सव्वासहा. पाऊण तास टाकी वाहते. रोज. मला माझ्या मनाने बंद करू द्या, बस. दुसरं काही नको."

अलकाताईंचा पेन थांबला. त्यांच्या गल्लीतून रोज पहाटे पाणी वाहत असे. पाइप फुटलाय असं सगळी कॉलनी वर्षानुवर्षं म्हणत होती, दोनदा तक्रारही गेली होती. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, तिथेच तर मी राहते! पण त्यांनी मान डोलवली नाही, भुवई उडवली नाही. शब्दन् शब्द लिहून घेतला आणि वाचून दाखवला. "बरोबर लिहिलंय?" एवढंच विचारलं.

परत येताना स्कूटीवर मागे बसून मात्र त्या अखंड बोलत होत्या. "उद्याच साहेबांना सांगूया."

"नाही सांगता येणार, मावशी," मृण्मयी म्हणाली. "त्या पंपघरावर नेहमीचा एकच माणूस आहे. पंपाचं नाव घेतलं की त्याचंच नाव घेतल्यासारखं. आपण त्याला शब्द दिलाय."

अलकाताईंना पटत होतं आणि जिवावरही येत होतं.

मग त्या उरलेल्या आठांकडे गेल्या, एकही न सोडता. एकाकडे जाताना पावसात अडकल्या, दुसऱ्याच्या घरी मक्याचे भुट्टे खाल्ले. आणि गंमत अशी की नवांपैकी सात जणांनी शेवटच्या प्रश्नाला जवळपास तेच सांगितलं. डोळ्यांना दिसतंय, पण फोन आल्याशिवाय हात लावता येत नाही. सात माणसांनी सांगितलेली गोष्ट अहवालात लिहिता येत होती. मृण्मयीने त्या दिवशी स्कूटी थेट टावर चौकात नेली आणि मावशीला कुल्फी खाऊ घातली.

नव्वद फॉर्म पुरे झाल्याचं कळलं तसं विक्रांत सोलंकींनी दोघींना बोलावलं.

"बहुत बढ़िया," ते म्हणाले. "सारे फॉर्म एक बार मेरे पास छोड़ जाइए। देख लेता हूँ। और वो नंबर वाली लिस्ट भी।"

मृण्मयीचा चेहरा पांढरा पडला. परवानगी याच माणसाने दिली होती आणि अजून विद्यापीठाला पाठवायच्या दाखल्यावर त्यांची सही व्हायची होती. ती काहीतरी पुटपुटणार तेवढ्यात अलकाताई म्हणाल्या, "जी साहब। दोन मिनिटं द्या."

त्या बापूंच्या टेबलापाशी गेल्या, कोरा कागद मागितला आणि एकतीस वर्षांच्या सवयीच्या अक्षरात हिंदीत टीप लिहिली. परवानगीपत्रातील चौथ्या अटीनुसार वैयक्तिक उत्तरं गोपनीय ठेवायची आहेत. सदर उत्तरं नावानिशी कार्यालयात जमा करण्याबाबत कृपया लेखी आदेश व्हावेत, म्हणजे विद्यापीठास तसं कळवता येईल. खाली तारीख टाकली, आवक रजिस्टरला नोंद करून घेतली आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

सोलंकींनी तो वाचला. पुन्हा वाचला. पेन उचलला, टोपण काढलं, परत लावलं. मग त्यांच्या ओठांवर हसू आलं.

"आप किस विभाग में थीं, मैडम?"

"स्थापना शाखेत, साहब. इकतीस साल."

"तभी." त्यांनी कागद परत सरकवला. "मुझे बस इतना जानना था कि नाराज़ कौन है।"

"कोण ते सांगता येणार नाही, साहब," अलकाताई हिंदीतच शांतपणे म्हणाल्या. "कशावर नाराज आहेत ते सगळं सांगू. एकही गोष्ट लपवणार नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. मग घंटी वाजवून चहा मागवला. दाखल्यावर त्याच वेळी सही केली.

दिवाळीनंतर मंडळाच्या सभागृहात मृण्मयीने निष्कर्ष मांडले. सगळ्या शाखांचे लोक बोलावले होते, पंपघरांवरचेसुद्धा. ज्यांनी उत्तरं दिली ते आणि ज्यांनी दिली नव्हती ते, सगळे मिसळून बसले होते. अलकाताई बापूंच्या शेजारी होत्या. मृण्मयीने सांगितलं की कामाबद्दल सर्वांत समाधानी लोक मुख्य कार्यालयातले नाहीत, बाहेरच्या ठिकाणांवरचे आहेत. सभागृहात कुजबुज झाली. मग तिने सांगितलं की त्याच लोकांपैकी बहुतेकांना वाटतं, फोनची वाट बघण्यात पाणी वाया जातं.

सोलंकी पुढे वाकले. "कौन से पंप पर?"

"सर, ते मी सांगू शकत नाही," मृण्मयी हिंदीत म्हणाली. तिने नजर हटवली नाही.

बापूंनी नाकावरचा चष्मा सारखा केला. आणि मग अगदी मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहब, मेरे पंप पर." शितोळे उभे होते. तोच खाकी शर्ट, पण कडक इस्त्रीचा. "नानाखेड़ा की टंकी. पौन घंटा रोज़ बहती है."

अलकाताई दचकून मागे वळल्या. आपण इतक्या जिवापाड सांभाळलेलं नाव या माणसाने स्वतःच सांगून टाकलं होतं. त्या सोलंकींच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. पण सोलंकी काही म्हणायच्या आत डावीकडून दुसरा एक जण उठला, "साहब, मेरे यहाँ भी." मग तिसरा.

सोलंकींनी तिघांना पुढे बोलावलं आणि बाकीचा कार्यक्रम थांबवून, मायक्रोफोन बाजूला सारून, त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलले. किती वाजता भरते, मीटर कुठे आहे, तुम्ही स्वतः बंद केला तर नोंद कशी ठेवाल. मंगला टायपिस्ट पुढे सरकून ते लिहून घेऊ लागली. शेवटी ते म्हणाले, एक महिना करून बघू. टाकी भरली की तुम्ही बंद करा आणि मग कंट्रोल रूमला कळवा. आदेश उद्या निघेल.

"लिखित में, साहब?" बापूंनी जागेवरून विचारलं.

सभागृहात हशा पिकला. सोलंकींनाही हसू आवरलं नाही. "लिखित में, बड़े बाबू।"

कार्यक्रमानंतर शितोळे शोधत अलकाताईंपाशी आले. "ताई, तुम्ही रागावल्या तर नाही? तुम्ही तर नाव लपवलं होतं."

"नाव तुमचं," अलकाताई म्हणाल्या. "कधी सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. आम्ही कोण?" त्यांना अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, जेवून जाणार ना, आणि दोघं पुरीभाजीच्या रांगेत उभे राहिले.

महिन्याचे पुढे दोन महिने झाले, आणि आदेश कायम झाला. मृण्मयीचा प्रबंध अजून लिहून व्हायचा आहे. तिचे सर म्हणतात, पद्धतीवरचं प्रकरण सर्वांत चांगलं उतरलंय. त्यात तिने पहिल्या नव्वद फॉर्मची हकीकतही घातली आहे, कोणाचंही नाव न घेता.

जानेवारीत विद्यापीठातल्या दुसऱ्या एका संशोधकाचा अलकाताईंना फोन आला. जिल्ह्यातल्या सरकारी वाचनालयांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करायचा होता. फोनवरच प्रश्न विचारले तर चालतील का, असं तो विचारत होता. अलकाताईंनी त्याला तिथल्या तिथे तीन गोष्टी सुनावल्या आणि वर कामही घेतलं. श्रीकांतरावांनी पोह्याच्या मित्रांना सांगितलं की मंगळवारी मी नाही, बायकोबरोबर बडनगरला चाललोय.

मंगळवारी सकाळी दोघं नानाखेड्याच्या स्टँडवर उभे होते. हवेत गारठा होता. अलकाताईंच्या पिशवीत छत्तीस नावांची यादी होती, त्या दिवसापुरते बारा फॉर्म आणि डब्यात मेथीचे पराठे. बस आली. श्रीकांतरावांनी चढून खिडकीची जागा धरली आणि बायकोला दिली.

"पहिलं नाव कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हाला नाही सांगणार," अलकाताई म्हणाल्या आणि शालीचा पदर सारखा करून ऐटीत बसल्या.